झोपेआधीची दहा मिनिटं

बंगळूरच्या एका वृद्धाश्रमातल्या साठीच्या पुढच्या ६९ जणांची तीन गटांत वाटणी झाली. एक गट रोज योगाभ्यास करू लागला, दुसऱ्याला आयुर्वेदिक औषध मिळालं, तिसरा नुसता आपल्या पाळीची वाट पाहत राहिला. सहा महिन्यांनी योगवाल्या गटाला झोप लागायला सरासरी दहा मिनिटं कमी लागत होती आणि रात्रीची झोप जवळजवळ तासाभराने वाढली होती. बाकीच्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एन. के. मंजुनाथ आणि शर्ली टेल्स यांनी हे २००५ साली प्रसिद्ध केलं. झोप मोजली होती ती मात्र त्या मंडळींच्याच सांगण्यावरून, यंत्राने नव्हे.

दहा मिनिटांचं ते काय कौतुक, असं ज्याला वाटेल त्याला उशीला डोकं टेकताच घोरणं सुरू करण्याचं वरदान मिळालेलं असावं. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. निजण्याआधी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने आंघोळ केली तर झोप किती लवकर लागते, याचे आधीचे अभ्यास ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात २०१९ साली एकत्र तपासले गेले. उत्तर आलं, सरासरी दहा मिनिटं. त्याच टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी काही जणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहायला लावली आणि काहींना आज उरकलेल्या कामांची. उद्याची यादी करणारे नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर! आकडे जुळले हा योगायोगच समजा, कारण माणसं निराळी आणि पद्धतीही निराळ्या. पण गरम पाणी, कागद आणि आसनं यांपैकी एकातही गुंगी आणणारं काही नाही. झोप दाराशी आलेलीच असते. तिची वाट अडवणारं काहीतरी या उपायांनी बाजूला होतं.

पहिली अडवणूक उष्णतेची. झोप लागायची तर शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरावं लागतं, आणि संध्याकाळनंतर ते आपोआप उतरू लागतं. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः हातापायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळहात-तळपाय ऊबदार होतात आणि आतलं शरीर थंड होत जातं. बाझेलच्या कुर्ट क्रॉयखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की झोप किती लवकर लागणार याचा सर्वांत चांगला अंदाज हातापायांच्या उबेवरून येतो. गरम पाण्याच्या आंघोळीने माणूस शेवटी थंड होतो, तो असा.

आपल्याकडे काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळायची रीत आहे. तळवे काळे पडले की आज्या खुशीत म्हणतात, बघ, उष्णता निघाली. तो काळेपणा धातू आणि तुपाच्या संगतीचा, उष्णतेचा नाही. पण उष्णता जाते ती तळव्यांतूनच, हे आज्यांचं बरोबर आहे.

दुसरी अडवणूक स्नायूंची. ‘अंग सैल सोड’ असं नुसतं सांगून अंग सैल सुटत नाही, कारण आपण कुठे आवळून बसलो आहोत याचाच पत्ता नसतो. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२९ साली पुस्तक लिहून उपाय मांडला: ताण आधी ओळखायचा, मग सोडायचा. त्यासाठी मूठ काही सेकंद आवळायची आणि एकदम सोडून द्यायची. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट आणि पाय. सुटल्यानंतरचा तो जडपणा नीट अनुभवायचा.

बंगळूरजवळच्या जिगणीतल्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाचं ‘आवर्तन ध्यान’ याच चालीचं आहे, मात्र त्याची मुळं मांडूक्य उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिकांत सांगतात. थोडी आसनं, मग शवासन, पुन्हा आसनं, पुन्हा विश्रांती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० तरुणांनी एका दिवशी दोनदा हे ध्यान केलं आणि दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ नुसतं पडून काढला. ध्यानाच्या दिवसानंतरच्या रात्री गाढ झोपेचा वाटा जास्त निघाला, आणि या वेळी मोजमाप यंत्रांनी झालं होतं. रात्रीच्या झोपेची तयारी दिवसाही करता येते, हे मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

श्वासाची गंमत तर आत्ताच पाहता येईल. मनगटावर नाडी धरा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. उच्छ्वास लांबवला की हृदयाला उसंत मिळते. भ्रामरी प्राणायामात गुणगुणत श्वास सोडताना तो लांबतोच.

बंगळूरमध्ये मात्र या सगळ्याला आव्हान आहे अमेरिकेच्या घड्याळावर चालणाऱ्या नोकऱ्यांचं. रात्री अकराला कॉल, तोही पलंगावर लॅपटॉप घेऊन, आणि सोबतीला फिल्टर कॉफी. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाचेक तासांनंतरही अंगात असतं. शिवाय पलंग आणि जागरण यांची मेंदूत गाठ बसते. ती सोडवण्यासाठी रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली दिलेला नियम आजही डॉक्टर सांगतात: पलंग झोपेसाठीच. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठा, मंद उजेडात काहीतरी नीरस करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ मात्र बघू नका.

आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर तळव्यांना तूप चोळत बसू नका, डॉक्टर गाठा. मनाला घोर लागून झोप उडाली असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा आहे. तिची सूत्रं बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. क्रमांक १४४१६, रात्रीही सुरू असतो.