गोठ्याच्या जमाखर्चात न मांडलेली रक्कम

पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणाऱ्या महाराष्ट्रात आज गाईला गोऱ्हा झाला की गोठ्यावर चिंता पसरते. एकेकाळी गोऱ्हा ही शेतकऱ्याची ठेव होती. तीन-चार वर्षांत तो औताला येई. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, पुढे संकरित गाई आल्या आणि शेतात ट्रॅक्टर आला. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, ऊन त्याला सोसत नाही. औतासाठी त्याला कोण घेणार? २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मारणे थांबविले गेले. पोसायचे कोणी, हा प्रश्न मात्र गोठ्यातच राहिला.

म्हशीच्या रेडकाला त्या बंदीचे कवच नाही. त्याची उपेक्षा तर जन्मापासूनच सुरू होते. सुमारे ३० किलोच्या रेडकाला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज ३ लिटर दूध लागते. तेच दूध संकलन केंद्रावर नेले की रोख पैसे मिळतात. मग पान्हा सुटेपर्यंत रेडकू आचळाला लावायचे आणि लगेच ओढून दूर बांधायचे, असा शिरस्ता पडतो. अर्धपोटी रेडकू आठवड्या-पंधरवड्यात दगावते. काही तबेल्यांत त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवतात.

जनावराला पुरेसे अन्न न देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाच आहे. परंतु गोठोगोठी पोलीस फिरवून हा प्रश्न सुटणारा नाही, आणि दुधावरच मुलांच्या फीची सोय करणाऱ्या उत्पादकाला निर्दयी ठरविणे हा तर अन्याय होईल. दुधाचा भाव प्रामुख्याने स्निग्धांशावर ठरतो. वासराच्या संगोपनाला त्यात जागा नाही. जो खर्च किमतीत उमटत नाही, तो नाहीसा होत नसतो. कोणीतरी तो सोसतच असते. येथे तो मुक्या जिवाच्या पोटातून वसूल होतो.

उपाय आहेत. लिंगनिश्चित रेतमात्रेने शंभरांत नव्वदच्या आसपास मादी वासरे जन्मतात. ती लहान उत्पादकाला परवडेल अशा दरात मिळावी. उरलेल्या नर वासरांसाठी दूध संघांनी लिटरमागे काही पैसे बाजूला काढून संगोपन निधी उभारावा. त्यामुळे दूध किंचित महागेल आणि त्याची झळ आपल्यासारख्या पगारदारांनाही लागेल. ती आपण सोसली पाहिजे. आजवर आपल्या चहातील दुधाचा एक हिस्सा रेडकू भरीत आले आहे.