ओसरीवरचा पाहुणा

पुण्याच्या जुन्या वाड्यांत ओसरीवर पाहुणा उतरला म्हणून स्वयंपाकाचें अडत नसे. तोच चुलीपुढें ठाण मांडून बसला, तर मात्र अडे. अतिवाहक पदार्थांविषयीं वाचतांना आम्हांस हें आठवलें.

अतिशीत होतांच या पदार्थांतून वीज बिनविरोध वाहते, कारण इलेक्ट्रॉन जोडीनें चालतात. चुंबकीय अणु ही जोडी फोडतो. लँथॅनममध्यें शेंकडा एखादा गॅडोलिनियमचा अणु मिसळला कीं अतिवाहकता जवळजवळ लोपते, असें १९५८ सालीं आढळलें.

पुढें १९८७ सालीं उणे १८० अंश सेल्सियसच्या सुमारासच अतिवाहक होणारें इट्रियम, बेरियम व तांबें यांचें ऑक्साइड निघालें. त्यांत इट्रियमच्या जागीं सगळें गॅडोलिनियम घातलें, तरी अतिवाहकता ढळत नाहीं. उणे २७१ अंशांस त्याचे अणुचुंबक शिस्तीनें रांग धरतात, तरीहि नाहीं! कारण वीज वाहते तांबें-ऑक्सिजनच्या थरांतून, आणि हा पाहुणा त्या थरांबाहेर राहतो. उलट त्या थरांत तांब्याच्या जागीं थोडें जस्त शिरलें, तर तें स्वतः चुंबकीय नसूनहि घात करतें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह १९९४ सालीं उजेडांत आणलेल्या निकेल-बोरॉन-कार्बनच्या कुळांतहि एर्बियमचें चुंबकत्व व अतिवाहकता एकत्र नांदतात.

पाहुण्याचा स्वभाव पाहावाच. पण त्याची बैठक आधीं पाहावी, असें आम्हांस वाटतें.