अमेरिकेतला शिधा आणि ऐंशी तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या सरकारी अन्नसाहाय्याबद्दल आपल्याकडे दोन प्रकारचे संदेश फिरत असतात. पहिल्यात तिथलं सरकार आळशांना बसून खायला घालतं. दुसऱ्यात नोकरी गेली की तीन महिन्यांत तेच सरकार माणसाला उपाशी मरायला सोडतं. दोन्ही संदेश छातीठोकपणे लिहिलेले असतात आणि दोन्हींत खरा नियम कुठेच नसतो.

या योजनेचं नाव स्नॅप. २००८ पर्यंत तिला फूड स्टॅम्प म्हणत. जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात. २०२४ या आर्थिक वर्षात दरमहा सरासरी ४ कोटी १७ लाख लोक तिचा लाभ घेत होते, म्हणजे देशातल्या दर आठ माणसांत एक. माणशी सरासरी रक्कम महिन्याला १८७ डॉलरच्या आसपास होती. या मदतीला मुदत आहे, पण सगळ्यांना नाही. लाभार्थींत सुमारे चाळीस टक्के तर मुलंच आहेत; त्यांना, वृद्धांना आणि अपंगांना मुदतीचा नियम लागत नाही. मुदत आहे ती धडधाकट समजल्या गेलेल्या आणि पदरी लहान मूल नसलेल्या प्रौढांना. त्यांना ३६ महिन्यांच्या काळात फक्त ३ महिने मदत मिळते. त्यापुढे ती हवी असेल तर महिन्याला ८० तास काम किंवा मान्य प्रशिक्षण केल्याचा पुरावा दाखवावा लागतो.

ऐकायला यात काही वावगं वाटत नाही. आठवड्याला वीस तास काम कर आणि शिधा घे, असं कुणी म्हटलं तर आपल्यातले बहुतेक जण मान डोलावतील. गोम आहे ती ‘पुरावा’ या शब्दात.

‘हा ट्रम्प यांनी आणलेला नियम आहे’

नियम १९९६ सालचा आहे. त्यावर सही डेमोक्रॅटिक पक्षाच्या बिल क्लिंटन यांची आहे, २२ ऑगस्टची. तीन महिन्यांचं कलम मात्र ओहायोचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन केसिक आणि बॉब ने यांच्या दुरुस्तीतून आलं. तेव्हा हा नियम १८ ते ४९ वयाच्या लोकांना लागू होता. पुढे बायडेन यांच्या काळात, २०२३ मध्ये कर्जमर्यादेवरून तडजोड झाली आणि ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं ५४ पर्यंत चढली. बदल्यात बेघर, माजी सैनिक आणि सरकारी देखरेखीत वाढून नुकतेच बाहेर पडलेले तरुण यांना सूट मिळाली.

ट्रम्प यांचा वाटा त्यानंतरचा आणि मोठा आहे. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानं वयोमर्यादा ६४ वर नेली आणि वर सांगितलेल्या तिन्ही गटांची सूट काढून घेतली. आधी घरात १८ वर्षांखालचं मूल असलं तरी मुदत लागत नसे. आता मूल चौदा वर्षांचं झालं की ते आईबापांना वाचवत नाही. नवी सूट मिळाली ती मूळ अमेरिकी जमातींच्या लोकांना. शिवाय ज्या भागात पुरेशा नोकऱ्याच नाहीत तिथं नियम स्थगित ठेवण्याची मुभा राज्यांना मिळत असे, ती जवळजवळ बंद झाली. आता बेकारी १० टक्क्यांच्या वर असेल तरच स्थगिती. वेगळा निकष आहे तो अलास्का आणि हवाईला.

२०१९ मध्ये ट्रम्प यांच्याच प्रशासनानं ही स्थगिती नुसत्या नियमावलीतून आवळायचा प्रयत्न केला होता. सरकारच्याच अंदाजानुसार त्यातून ६ लाख ८८ हजार लोकांचा लाभ जाणार होता. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं तो बेत हाणून पाडला. २०२५ मध्ये कायदाच बदलल्यावर तो अडसर उरला नाही.

‘काम करणाऱ्याला कशाची भीती?’

सगळ्यांत पटणारा आणि सगळ्यांत चुकीचा समज हाच, म्हणून याचा हिशेब मांडूनच पाहू.

समजा, ५७ वर्षांची एक बाई मोठ्या किराणा दुकानात फळ्या लावण्याचं काम करते. मजुरी तासाला १२ डॉलर. तिच्या पाळ्या दर आठवड्याला मोबाइलवर येतात आणि तास किती ते मॅनेजर ठरवतो. डिसेंबरात सणाची गर्दी, त्यामुळे तिचे ९० तास भरले. जानेवारीत गर्दी ओसरली, ६२ तास. फेब्रुवारीत ७०. मार्चमध्ये ७४. ही बाई एकही महिना घरी बसलेली नाही, तीन महिन्यांत तिनं २०६ तास काम केलं आहे. तरीही स्नॅपच्या कार्यालयाच्या वहीत जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे तिन्ही महिने ‘न भरलेले’ म्हणून लागले. एप्रिलपासून तिचा शिधा बंद.

आता तिच्या शेजारी तासाला १५ डॉलर मिळवणारा माणूस उभा करा. त्याचे महिन्याला ६३ तासच भरतात, तिच्या मार्चपेक्षा ११ कमी. त्याला मुदत लागतच नाही! कारण नियमांत आणखी एक सूट आहे: आठवड्याची कमाई केंद्रीय किमान वेतनाच्या तीसपटीइतकी असेल तर कामाच्या अटीतून माणूस मोकळा होतो. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर थिजलेलं आहे, म्हणजे आठवड्याला २१७.५० डॉलर, महिन्याला साधारण ९३५. त्याची कमाई ९४५ होते, तिची मार्चमधली ८८८. कमी तास आणि जास्त दर असलेला सुटला, जास्त तास आणि कमी दर असलेली अडकली. हे कुणाच्या मनात होतं म्हणून झालं असं मला वाटत नाही. वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली कलमं एकमेकांवर रचली की असं होतं. पण ज्याचं कार्ड बंद पडतं त्याला त्याचं काय?

आजारपण, घरातला प्रसंग, गाडी बंद पडणं अशा तात्पुरत्या कारणानं तास बुडाले आणि नोकरी टिकून असेल, तर ते तास भरल्यासारखे धरता येतात. मात्र ते कारण वेळेत कार्यालयाला कळवावं लागतं, आणि कळवायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. डॉक्टरांच्या दाखल्याचंही तसंच. सूट मिळायला अपंगत्वाचं पेन्शन असावं लागतं असा समज आहे. तसं नाही, शरीरानं किंवा मनानं माणूस कामाला असमर्थ असल्याचा दाखला पुरतो. आता ज्याच्याकडे आरोग्य विमा नाही त्यानं दाखला आणायचा कुठून, हा प्रश्न नियमाच्या बाहेरचा.

‘नोकरी शोधतोय म्हटलं की भागतं’

भागत नाही. आपापलं काम शोधण्यात घालवलेले तास या ऐंशीत धरले जात नाहीत. एखाद्या मान्य प्रशिक्षणाचा छोटा भाग म्हणून शोध चालतो, एवढंच. उलट बिनपगारी काम, स्वयंसेवा, वस्तूंच्या मोबदल्यात केलेलं काम हे मोजलं जातं. बेकारी भत्ता घेत असलेल्याला सूट असते, पण तो भत्ता बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांच्या आत संपतो आणि किरकोळ, तुटक नोकऱ्या करणाऱ्यांना मुळात मिळतोच असं नाही.

मराठी वाचकाला इथं एक गोष्ट खटकेल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आपल्या पगारपत्रकावर कापला जाणारा व्यवसाय कर त्या योजनेसाठीच सुरू झाला. तिच्यात घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावं चढली, सगळं खरं. पण तिचा सांगाडा असा होता की काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक, नाही दिलं तर भत्ता. अमेरिकेचा नियम याच्या उलटा चालतो. तो काम मागतो आणि द्यायला बांधील नाही. प्रशिक्षणाच्या किंवा कामाच्या जागा सगळ्यांना देऊ असं काही राज्यांनी आपणहून कबूल केलं, बाकीच्यांवर तशी सक्ती नाही. जवळच्या गावात वर्ग नाही, बस नाही, तरी महिना मोजला जातो.

‘अट घातली की लोक आपोआप कामाला लागतात’

या नियमाचा सगळा नैतिक आधार या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून त्याची तपासणी झाली हे बरं झालं. मंदीनंतर व्हर्जिनिया राज्यात २०१३ मध्ये हा नियम पुन्हा सुरू झाला. तेव्हा वयोमर्यादा ४९ होती. म्हणजे ४९ वर्षांचा माणूस नियमात आणि ५० चा बाहेर, बाकी दोघांची परिस्थिती सारखीच. संशोधकांनी राज्याच्या नोंदींतून या वयोमर्यादेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांची तुलना केली. २०२३ मध्ये अर्थशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. नियमामुळे या गटातल्या लाभार्थींची संख्या ५३ टक्क्यांनी घटली. नोकरी करणाऱ्यांच्या प्रमाणात नोंद घेण्याजोगी वाढ आढळली नाही. सगळ्यांत जास्त गळाले ते बेघर आणि ज्यांची कमाई शून्य होती असे लोक, म्हणजे ज्यांना शिध्याची गरज सर्वांत जास्त.

एका राज्याचा, एका काळाचा हा अभ्यास आहे. त्यावरून साऱ्या देशाचा निकाल लावू नये. पण अट घालायच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही मग रोजगार वाढल्याचा तितकाच घट्ट पुरावा टेबलावर ठेवायला हवा. नव्या कायद्यातल्या कामाच्या अटींमुळे पुढची दहा वर्षं दरमहाच्या लाभार्थींची संख्या सरासरी २४ लाखांनी कमी राहील, असा अंदाज अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयानं दिला आहे.

‘तीन महिने संपले की दार कायमचं बंद’

हे दुसऱ्या टोकाचं खोटं. ३० दिवसांत ८० तास भरले की माणूस परत पात्र होतो. नंतर पुन्हा काम सुटलं तर त्याच ३६ महिन्यांत एकदाच, सलग आणखी तीन महिने मिळतात. मध्येच सूट लागू झाली, जसं की गरोदरपण, तरी लाभ परत सुरू होतो. शिवाय महिन्याच्या मधूनच लाभ सुरू झाला तर तो अर्धा महिना तिनात धरत नाहीत. अन्नछत्रांत आणि फूड बँकांत काम करणारे लोक ही कलमं तोंडपाठ सांगतात. ज्याला ती लागू आहेत त्याच्या हाती बहुधा फक्त ‘तुमचा लाभ बंद झाला आहे’ एवढंच पत्र असतं.

‘बापाचं बंद झालं की मुलाचंही बंद’

नाही, पण मुलाच्या ताटावर परिणाम होतो. सध्याच्या दरानं दोघांच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त ५४६ डॉलर आणि एकट्याला २९८ डॉलर मिळू शकतात. पंधरा वर्षांच्या मुलासोबत राहणाऱ्या आईचा हिस्सा कापला गेला तर कागदोपत्री मुलाचा हिस्सा शाबूत राहतो. घरात चूल मात्र एकच असते आणि आई मुलासमोर बसून उपाशी राहिली तरच हा हिशेब खरा ठरतो.

‘पैसे मिळतात, दारूत उडवतात’

पैसे मिळत नाहीत. ईबीटी कार्डावर रक्कम येते आणि ती फक्त खाण्याच्या जिनसांवर चालते. दारू, तंबाखू चालत नाही; साबण, औषधं चालत नाहीत; दुकानातला गरम तयार पदार्थही सहसा चालत नाही. घरी खाण्याचं पीक देणारं बियाणं आणि रोपं चालतात, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं.

‘आपल्याकडून गेलेलेही घेतात’

न्यू जर्सीतल्या भारतीय किराणा दुकानांच्या दारावर ईबीटी स्वीकारत असल्याची पाटी दिसते, त्यावरून हा समज होत असावा. एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरला स्नॅप मिळतच नाही. ग्रीन कार्डवाल्या प्रौढाला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. नागरिक झालेल्या मराठी माणसाला मात्र सगळे नियम इतरांसारखेच, साठी ओलांडलेल्याला लागलेली नवी मुदतसुद्धा.

‘त्रुटी म्हणजे चोरी’

२०२४ मध्ये देशभरातला चुकीच्या वाटपाचा दर १०.९३ टक्के निघाला आणि ‘दहा टक्के लुटतात’ असा अर्थ लगेच लावला गेला. या दरात जास्त दिलेले आणि कमी दिलेले असे दोन्ही डॉलर मोजतात. कारकुनानं उत्पन्न चुकीचं टिपलं, कुणी पाळ्या बदलल्याचं उशिरा कळवलं, हे सगळं त्यातच येतं. आतापर्यंत लाभाची पूर्ण रक्कम केंद्र देत असे. ऑक्टोबर २०२७ पासून मात्र हा दर ६ टक्के किंवा अधिक असलेल्या राज्याला लाभाच्या खर्चातला ५ ते १५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागेल. मुदत संपलेल्याला एक महिना जास्त मिळाला तरी ती त्रुटी धरली जाईल. त्यामुळे एखाद्याच्या ७८ की ८० तासांबद्दल शंका असली, तर टेबलापलीकडचा कारकून कुठल्या बाजूला झुकेल याची कारणं आता राज्याच्या तिजोरीतच आहेत.