मेलेल्या जंतूचा पुरावा

पंजाबातलं मुलकोवाल गाव, 30 ऑक्टोबर 1902. प्लेगची लस टोचून घ्यायला आलेल्या 107 जणांसाठी मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांतल्या ‘53 एन’ खुणेच्या बाटलीच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. ज्योतीवर धरायचं राहून गेलं. त्या एका बाटलीतून 19 जणांना लस टोचली. आठवडाभरात त्यांचे जबडे आखडू लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. बाकीच्या चार बाटल्यांच्या वाटेला गेलेल्या 88 जणांना काही झालं नाही.

रोगजंतू हाताळणाऱ्यांनी ते आधी निर्धोक कसे करायचे, हा या लेखाचा विषय. त्याची सुरुवात या चिमट्यापासूनच करायला हवी, कारण त्या बाटलीतले जंतू खरोखरच मेलेले होते. मेले होते ते प्लेगचे.

ही लस बनवणारे जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन 1896च्या ऑक्टोबरात मुंबईत आले. त्याआधी सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णांचा आजार प्लेग असल्याचं ओळखलं होतं. शहर रिकामं होत होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे ते प्लेगचे जंतू वाढवू लागले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत असे, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी. मग ते सगळं ऊन करून जंतू मारायचे, वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि मेलेल्या जंतूंचं ते पाणी टोचायचं. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ते पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतलं. ताप आला, अंग दुखलं, उतरलं. या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यामागचा विश्वास मोठा वाटतो: बाटलीतला एकही जंतू जिवंत नाही, याची त्यांना स्वतःचा दंड पुढे करण्याइतकी खात्री होती.

प्लेगचा जंतू उष्णतेपुढे लवकर हार मानतो. पासष्ट-सत्तर अंशांवर ठरावीक वेळ ठेवला की संपतो, पाणी उकळावंही लागत नाही. धनुर्वाताचा आणि काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा जंतू मात्र दिवस वाईट आले की बीजाणू होऊन बसतो. 1876 साली रॉबर्ट कॉखनं काळपुळीच्या जंतूचं हे रूप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा आजारी जनावरं चरून गेलेली कुरणं वर्षानुवर्षं का बाधतात, याचा उलगडा झाला. बीजाणूत पाणी अगदी कमी, आतला गाभा कॅल्शियमच्या क्षारानं घट्ट, बाहेर आवरणांवर आवरणं. तो खात नाही, वाढत नाही, म्हणून त्याला मारायला धरणार तरी कुठून? ऑटोक्लेव्ह लागतो तो यासाठी. घरातला कुकर आणि ऑटोक्लेव्ह एकाच कुळातले: 15 पौंड दाबाची वाफ, 121 अंश. डाळ शिजली की नाही हे मात्र दोन बोटांत दाबून कळतं. जंतूचं तसं नाही.

इथे एक हिशेब समजून घ्यावा लागतो. जंतू सगळे एका क्षणी मरत नाहीत, वाट्यावाट्यानं मरतात. समजा दर मिनिटाला दहातले नऊ मरतात. 10 लाखांपासून सुरुवात केली तर सहा मिनिटांनी एक उरतो. सातव्या मिनिटाला शून्य होतं असं नाही. एक जिवंत असण्याची शक्यता दहात एक होते. आठव्याला शंभरात एक. ती कमी होत जाते, पूर्ण शून्यावर कधीच येत नाही. म्हणून किती मिनिटं मारलं यावर प्रश्न सुटत नाही. सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती बारकाईनं शोधलं, हेही सांगावं लागतं.

जून 2014. अमेरिकेत अटलांटा इथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या प्रयोगशाळेत काळपुळीच्या जंतूंवर रसायनाची प्रक्रिया केली गेली. मारलेला माल दुसऱ्या प्रयोगशाळांत एका यंत्राच्या चाचणीसाठी द्यायचा होता. थोडा नमुना पेट्री डिशवर टाकून 24 तास उबवला. काही उगवलं नाही. मेले असं धरून माल कमी बंदोबस्ताच्या खोल्यांत गेला, तिथे तो साध्या सावधगिरीनं हाताळला गेला. डिश फेकायच्या होत्या, पण ऑटोक्लेव्हचं दार नीट उघडेना, म्हणून त्या परत इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. आठवड्यानं, 13 जूनला, त्यांतल्या एका डिशवर वाढ दिसली. सुरुवातीच्या अंदाजानं 75च्या आसपास कर्मचारी संसर्गाच्या टप्प्यात आलेले असू शकत होते. कुणी आजारी पडलं नाही. पण ते दार वेळेवर उघडलं असतं तर डिश फेकल्या गेल्या असत्या आणि कुणाला काही कळलंही नसतं. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रोगनियंत्रण संस्थेत सत्य उघडं पडलं ते एका अडकलेल्या दारामुळे, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

पुढच्याच वर्षी याहून मोठं प्रकरण बाहेर आलं. यूटातल्या डगवे इथली अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा काळपुळीचे बीजाणू गॅमा किरणांनी मारून इतर प्रयोगशाळांना पाठवत असे. मे 2015 मध्ये मेरीलँडच्या एका खाजगी प्रयोगशाळेत त्या ‘मेलेल्या’ नमुन्यातून जिवंत जंतू वाढले. शोध घेता घेता कळलं की दहा वर्षांहून अधिक काळ असा माल जात होता: अमेरिकेच्या सर्व 50 राज्यांत आणि नऊ परदेशांत. किरणांचा मारा झाल्यावर नमुन्याचा छोटासा भागच तपासला जाई. किरणांनी जखमी झालेला बीजाणू काही काळानं सावरू शकतो, हेही पुरेसं ध्यानात घेतलेलं नव्हतं. एकाच खात्याच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या मात्रा देत होत्या, वेगवेगळा वेळ थांबत होत्या.

अटलांटात घाई होती, डगवेत सवय. मुलकोवालचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे अन्याय झाला.

पंजाबची मागणी मोठी होती आणि परळला लस झपाट्यानं बनवायची होती. हाफकिननी तोवर कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवायला सुरुवात केली होती. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी आयोगानं बोट तिथेच ठेवलं: बाटली परळलाच दूषित झाली. हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं आणि ते देश सोडून गेले.

पण बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत 41 दिवस गेले होते. धनुर्वाताचा जंतू इतके दिवस रश्श्यात वाढला तर उग्र घाण वास सुटतो. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली उघडल्यावर हुंगली होती. वास आला नव्हता. शिवाय विष आधीच तयार असतं तर माणसांना लगेच त्रास झाला असता, आठवडा लागला नसता. उघडताना आत गेलेले बीजाणू अंगात वाढायला जेवढा वेळ घेतील, तेवढाच तो होता. पुरावा गावातल्या त्या मातीकडे, त्या चिमट्याकडे बोट दाखवत होता. जुलै 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे ठणकावून सांगितलं, तेव्हा सरकार नमलं. हाफकिन कलकत्त्याला परतले. परळची खुर्ची त्यांना मिळाली नाही. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं 1925 साली. तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. आधीच्या पद्धतीसारखं बाटलीत कार्बोलिक असतं, तर त्या चिमट्यावरचे थोडेसे बीजाणू आत जाऊनही दबून राहिले असते का? हाफकिन निर्दोष होते, असं मी मानतो. मेलेल्या जंतूंच्या बाटलीला पहारा मात्र तिचं बूच निघाल्यानंतरही हवा होता.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. क्षयाचा जंतू मेणचट आवरणाचा, चिवट. काचेवर थुंकी पसरून ज्योतीवर फिरवली तरी तो मेलाच अशी हमी देता येत नाही. इथे मात्र जीनएक्स्पर्ट या क्षय तपासणाऱ्या मशीनची पद्धत होती: एक भाग थुंकी, दोन भाग रिएजंट, झाकण घट्ट, जोरात हलवायचं, मध्ये पुन्हा एकदा हलवायचं आणि पूर्ण 15 मिनिटं थांबायचं. एवढ्यात जिवंत जंतूंची संख्या किमान दहा लाख पटीनं घटते. मग मशीन. तंत्रज्ञ बाईंनी डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहिलं: 10.40. बाहेर गर्दी होती, वीज एकदा जाऊन आली होती, आणि खिडकीशी टोपी हातात धरून एक वयस्कर गृहस्थ उभे होते. आत आणखी चार डब्या वाट पाहत होत्या.

“ताई, झालं का?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “अजून सहा मिनिटं, काका. बसा तुम्ही.”

डबी जागेवरच राहिली.