भांगाची भरती आणि बेटिओचा खडक

२० नोव्हेंबर १९४३. प्रशांत महासागरातल्या तारावा या कंकणद्वीपावरचा चंद्र त्या सुमारास अर्धा होता, आपल्या पंचांगाच्या हिशेबाने वद्य अष्टमीच्या आसपासचा. अशा दिवसांत समुद्र भांगावर असतो. भरती पुरती चढत नाही आणि ओहोटीही पुरती उतरत नाही, हे कोकणातला कोणताही दर्यावर्दी सांगेल. तारावाला त्या दिवशी एवढ्याशा गोष्टीवर हजारो माणसांचा जीव टांगलेला होता. अमेरिकेची दुसरी मरीन डिव्हिजन तिथल्या बेटिओ नावाच्या बेटावर उतरायला निघाली होती.

हे बेट तीन-चार किलोमीटर लांब, आणि रुंदी कुठेही पाऊण किलोमीटरच्या वर नाही. भोवती प्रवाळाचा खडक पाण्याखाली पसरलेला, किनाऱ्यापासून पाचशे मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही दूरपर्यंत. भरलेली लँडिंग बोट त्यावरून न्यायची तर सुमारे चार फूट पाणी हवे. आखणी करणाऱ्यांनी पाच फुटांची आशा धरली होती. त्या बेटांवर बरीच वर्षे राहिलेले मेजर फ्रँक हॉलंड यांनी तीन फूटही मिळणार नाही असे बजावले होते. तसेच झाले. बोटी खडकाच्या कडेला अडल्या आणि सैनिकांना बंदूक डोक्यावर धरून कमरेभर, कुठे छातीभर पाण्यातून, समोरून मशीनगनचा मारा चालू असताना, किनाऱ्यापर्यंत चालत जावे लागले.

पाणी इतके कमी का होते, याचे पक्के उत्तर मिळायला १९८७ साल उजाडले. टेक्सासमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड ओल्सन यांनी चंद्राचे गणित मांडले. त्या दिवशी नुसता भांग नव्हता, चंद्र पृथ्वीपासून आपल्या सर्वांत दूरच्या टोकाजवळ, म्हणजे अपभू स्थितीजवळही होता. ओढ आधीच कमी, ती आणखी कमी झाली. १९४३ मध्ये असा योग फक्त दोनदा आला, आणि त्यांतला एक नेमका हा. दिवस उलटून गेला तरी पाणी जागचे फारसे हललेच नव्हते. ७६ तासांच्या लढाईत हजाराहून अधिक अमेरिकन मेले. जपानी बाजूने तर जवळजवळ कोणीच वाचले नाही: १७ सैनिक आणि १२९ कोरियन मजूर, बस्स. बेट राखणाऱ्यांत जपानी नौदलाची रिकुसेन्ताई, म्हणजे त्यांचेही मरीनच होते, हे कळले की अंगावर काटा येतो.

जगभरच्या मरीन दलांचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या पाचशे मीटरांपाशी येऊन थांबतो. जिथे जहाज चालत नाही आणि पायही धड चालत नाहीत, अशी ही पट्टी. गंमत अशी की मरीन सैनिक मुळात या पट्टीसाठी जन्मालाच आले नव्हते.

ते जन्मले जहाजावर. जगातले सर्वांत जुने मरीन दल आपलेच, असे स्पेन सांगतो आणि त्याचा उगम १५३७ पर्यंत नेतो. इंग्लंडने १६६४ मध्ये १,२०० जणांची रेजिमेंट उभी केली, डचांनी पुढच्याच वर्षी आपले दल काढले, आणि १६६७ मध्ये त्याच डच मरीननी मेडवे नदीत शिरून इंग्रजांचे आरमार त्यांच्याच घरात जाळायला हातभार लावला. अमेरिकन मरीन आपला वाढदिवस १० नोव्हेंबर १७७५ चा मानतात. शिडांच्या त्या काळात त्यांचे काम वेगळे होते. डोलकाठीवरच्या मचाणात बसून शत्रूच्या डेकवरचे अधिकारी टिपायचे, जहाजाला जहाज भिडले की पलीकडे उडी घ्यायची, आणि आपल्याच जहाजावर खलाशी बंड करून उठले तर अधिकाऱ्यांच्या बाजूने उभे राहायचे. म्हणून त्यांची झोपायची जागाही खलाशी आणि अधिकारी यांच्या मधोमध असे. आपल्याकडे कान्होजी आंग्रे यांची गलबते हेच युद्ध वेगळ्या ढंगाने लढत. मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला तोफा थोड्या असतात हे हेरून तिकडून गाठायचे आणि तलवारी घेऊन माणसे वर चढवायची.

वाफेची जहाजे आली, तोफांचा पल्ला काही किलोमीटरांवर गेला आणि हे सगळे संपले. जहाजाला जहाज भिडेनासे झाले, तेव्हा मचाणातल्या बंदूकधाऱ्याचे काय करायचे? त्यात १९१५ साली गॅलिपोलीला ब्रिटिश, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्की किनाऱ्यावर उतरल्या, आठ महिने तिथेच रुतून बसल्या आणि शेवटी माघारी आल्या. मशीनगनच्या काळात राखलेल्या किनाऱ्यावर समुद्रातून उतरणे अशक्य आहे, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला.

अमेरिकन मरीननी नेमके हेच अशक्य काम आपले मानले, आणि मला त्यांच्या साऱ्या इतिहासात हा निर्णय सर्वांत धाडसी वाटतो. पीट एलिस या अधिकाऱ्याने १९२१ मध्येच जपानशी प्रशांत महासागरात बेटामागून बेट घेत कसे लढावे लागेल याचा आराखडा लिहिला. दोनच वर्षांनी, जपानच्या ताब्यातल्या पलाऊ बेटांवर फिरत असताना तो वारला. नोव्हेंबर १९३३ मध्ये व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथल्या मरीन शाळांचे वर्ग बंद करण्यात आले आणि अधिकारी व विद्यार्थी सगळे मिळून एक पुस्तिका लिहायला बसले. किनाऱ्यावर कसे उतरायचे, हा तिचा विषय. गॅलिपोलीची एकेक चूक त्यांनी उलगडून पाहिली. जहाजात सामान कोणत्या क्रमाने भरायचे इथपर्यंत विचार केला, कारण दारूगोळा तळाशी आणि तंबू वर असला तर किनाऱ्यावरचा माणूस हकनाक मरतो.

पुस्तिका झाली, पण वाहने कुठून आणायची? १९३७ मध्ये शांघायला व्हिक्टर क्रुलॅक या तरुण लेफ्टनंटने जपानी बोटींचे फोटो काढून पाठवले. त्या बोटींचे नाक सपाट होते आणि ते पुढे खाली पडून उतार तयार होई. फोटो वॉशिंग्टनच्या फायलीत पडून राहिले. पुढे ती कल्पना न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्सच्या बोटींना जोडली गेली. प्लायवूडची, ३६ फूट लांब, ३६ माणसे घेणारी ही बोट किनाऱ्याला टेकायची, उतार पाडायची आणि स्वतःच मागे सरकायची.

दुसरे वाहन तर युद्धासाठी नव्हतेच. फ्लोरिडात वादळानंतर पाणथळ दलदलीत अडकलेल्या लोकांपर्यंत ना होडी पोहोचे, ना गाडी. ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या वॉशिंग्टन रोब्लिंग यांचा नातू डोनाल्ड रोब्लिंग याने १९३५ मध्ये अॅल्युमिनियमचे एक यंत्र बनवले. त्याच्या पट्ट्यांना वल्ह्यासारख्या कडा होत्या, म्हणून ते पाण्यात पोहत असे आणि जमिनीवर रणगाड्यासारखे चालत असे. नाव ठेवले ॲलिगेटर. ‘लाइफ’ मासिकात त्याचे फोटो छापून आले, ते एका नौदल अधिकाऱ्याने मरीन जनरलला दाखवले आणि पूरग्रस्तांसाठीचे यंत्र युद्धात उतरले.

बेटिओला मरीनकडे अशी १२५ वाहने होती. हिगिन्स बोटी अडल्या तिथे ती खडकावर चढली आणि सरळ किनाऱ्याकडे गेली. पहिल्या तीन लाटा त्यांतूनच पोहोचल्या. पाण्यातून चालावे लागले ते त्यांच्या मागून बोटींतून येणाऱ्यांना.

त्यानंतर अमेरिकन नौदलाने एक धडा कायमचा घेतला: पाण्याची खोली आणि तळचे अडथळे नकाशावरून नव्हे, पाणबुड्यांनी स्वतः पोहून आणि हाताने चाचपून पाहायचे. १९४४ पासून असे पाणबुडे उतरणीच्या आधी जाऊ लागले. त्यांच्याच परंपरेतून पुढे १९६२ मध्ये ‘सील’ पथके निघाली. भारतीय नौदलाचे मार्कोस १९८७ मध्ये उभे राहिले, तेही याच जातीचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमध्ये शिरलेले मार्कोस महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. त्यांना अनेकजण मरीन म्हणतात, पण हजारोंनी किनाऱ्यावर उतरणारे पायदळ ते नव्हे. मूठभर, पाण्याखालून येणारे असे ते पथक आहे.

भरतीचे गणित जुळले की काय होते, ते १५ सप्टेंबर १९५० ला कोरियात इंचॉनला दिसले. तिथे भरती-ओहोटीतला फरक नऊ मीटरच्या घरात जातो आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. महिन्यात मोजकेच दिवस चालण्यासारखे. म्हणून सकाळच्या भरतीला एक बटालियन वोल्मीदो बेटावर उतरली, आणि मग पाणी ओसरल्यावर तिला दिवसभर एकटे सोडून बाकीचे संध्याकाळच्या भरतीची वाट पाहत थांबले. ती आली तेव्हा मरीन शिड्या लावून धक्क्याच्या भिंती चढले. त्याआधी यूजीन क्लार्क हा नौदल अधिकारी जवळच्या बेटावर गुपचूप राहून चिखल किती खोल आहे ते मोजत होता, आणि जपान्यांनी केलेली भरतीची कोष्टकेच खरी आहेत असे त्याने कळवले होते. जुन्या शत्रूच्या कोष्टकावर भरवसा ठेवायलाही हिंमत लागते.

भारताकडे वेगळे मरीन दल नाही, आणि त्याची किंमत दोनदा जाणवली. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या अंजदीव बेटावर आयएनएस त्रिशूल आणि आयएनएस म्हैसूरवरच्या नौसैनिकांनाच उतरावे लागले. पोर्तुगीज गोळीबारात सात नौसैनिक मारले गेले. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझारला गुरखा सैनिक उतरले तेव्हा जहाज वाळूच्या दांड्यावर टेकले, आणि दांड्यापलीकडे पाणी खोल होते. पाठीवर ओझे घेतलेले काही जवान बुडाले. समोर शत्रू नव्हता, तरी ते गेले.

आता अमेरिकन मरीन पुन्हा स्वतःला बदलताहेत. २०२० मध्ये त्यांनी आपले सगळे रणगाडे सोडून द्यायचे ठरवले. त्याऐवजी छोट्या तुकड्या बेटांवर पसरायच्या आणि तिथून क्षेपणास्त्रांनी समुद्रातली जहाजे बुडवायची, अशी त्यांची आखणी आहे. शेकडो वर्षे जहाजावरून किनाऱ्याकडे पाहणारे हे सैनिक आता किनाऱ्यावरून जहाजाकडे नेम धरायला शिकताहेत. त्यासाठी त्यांना उथळ पाण्यात शिरून थेट वाळूला टेकेल असे छोटे जहाज हवे आहे, आणि ते किती खोल पाण्यात तरंगावे याचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो आहे.