विद्युत वाहनांची दुरुस्ती आणि कारागिराची सुरक्षितता

बीड जिल्ह्याची ओळख दीर्घकाळ ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी राहिली. ज्या घरांतील आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागत, त्याच घरांतील अनेक मुले निवासी शाळांच्या आधाराने शिकली. त्यांतील कित्येकांनी पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट धरली. कोणी चाकण, रांजणगाव, वाळूज येथील कारखान्यांत स्थिरावले, तर कोणी केज, अंबाजोगाई, कळंब अशा बाजारगावी गॅरेज थाटले. कोयत्याच्या जागी पाना आला, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या पान्याखालचे यंत्रच आता बदलू लागले आहे.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. त्यापूर्वीच, जानेवारी २०२० मध्ये, विजेवरची चेतक स्कूटर आणि टाटांची नेक्सॉन ईव्ही ही मोटार बाजारात आली होती. आज तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर ई-रिक्षा उभ्या दिसतात आणि युसूफ वडगावसारख्या गावांतील रस्त्यांनाही ई-स्कूटरचे नवल उरलेले नाही. ही वाहने कधी ना कधी दुरुस्तीस येणारच, आणि ती उघडणारे हात बहुधा आपल्याच मुलांचे असणार. म्हणून हे काम सुरक्षितपणे कसे करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

किल्ली बंद, तरी वीज कायम

पेट्रोलच्या गाडीचे इंजिन बंद केले की धोका पुष्कळसा ओसरतो. विद्युत वाहनाचे तसे नाही. बॅटरी ही विजेचा साठा आहे आणि साठ्याला बंद करण्याचे बटण नसते. एका लिथियम घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट, म्हणजे खेळण्यातील दोन सेलांइतका असतो. पण असे १०० घट एकापुढे एक जोडले की ३२० व्होल्ट होतात. विद्युत मोटारींत साधारणतः ३०० ते ४०० व्होल्ट, तर काही नव्या मोटारींत ८०० व्होल्टपर्यंत दाब असतो.

किल्ली बंद केली की बॅटरीच्या पेटीतील मोठे स्विच, ज्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात, उघडतात आणि पेटीबाहेर जाणारी वीज तुटते. पेटीच्या आत मात्र पूर्ण दाब चोवीस तास कायम असतो. शिवाय मोटारीला वीज पुरविणाऱ्या कंट्रोलरमध्ये कंडेन्सर असतात. विहिरीवरची मोटार बंद केली तरी हौदातील पाणी लगेच आटत नाही, तसेच कंडेन्सरमधील वीज स्विच तुटल्यावरही काही काळ टिकून राहते. पेटी तोडली आणि लगेच हात घातला, तर धक्का बसू शकतो.

अशा उच्च दाबाच्या केबल ओळखू याव्यात म्हणून त्यांना नारिंगी रंगाचे आवरण देण्याचा जागतिक संकेत आहे. वाहनांच्या नियमांत ६० व्होल्टच्या वरचा एकदिश दाब उच्च दाब मानला जातो. नारिंगी केबल दिसली की हात थांबला पाहिजे, ही या व्यवसायाची पहिली सवय होय.

शरीरावर होणारा परिणाम

माणसाला मारते ती शरीरातून वाहणारी वीज. घरातील आरसीसीबी, ज्याला आपल्याकडचे वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात, ती ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते, कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. घामाने भिजलेल्या शरीराचा अवरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा अवस्थेत ३०० व्होल्टच्या दोन टोकांना दोन हात लागले, तर शरीरातून ३०० मिलिअँपिअर, म्हणजे त्या मर्यादेच्या दहापट वीज वाहील. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचे शरीर भिजलेलेच असते, हे विसरता कामा नये.

घरच्या विजेचा अनुभव येथे फसवा ठरतो. घरात एका वायरला हात लागला आणि पाय जमिनीवर असले तरी धक्का बसतो. वाहनाचा उच्च दाबाचा भाग मात्र सांगाड्यापासून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे एकाच टोकाला स्पर्श झाल्यास बहुधा काही जाणवत नाही आणि ‘यात काही दम नाही’ असा खोटा विश्वास निर्माण होतो. एखाद्या केबलचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली असेल, तर सांगाडाच एक टोक बनतो. मग दुसऱ्या टोकाला झालेला पहिला स्पर्शही प्राणघातक ठरू शकतो.

दुसरा धोका ठिणगीचा. घरातील प्रत्यावर्ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. बॅटरीची एकदिश वीज शून्यावर येतच नाही. भार चालू असताना तिचा जोड ओढला, तर ठिणगीची ज्योत टिकून राहते, तांबे वितळवते आणि चेहरा व डोळे भाजते.

लहान वाहनांविषयीचा गैरसमज

आपल्या भागात दुरुस्तीला येणारी बहुतेक वाहने म्हणजे ई-स्कूटर आणि ई-रिक्षा. त्यांचा दाब बहुधा ४८ ते ७२ व्होल्ट असतो. इतक्या दाबाने मोठा धक्का बसण्याची शक्यता कमी, म्हणून त्या निरुपद्रवी आहेत, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. ई-रिक्षातील १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडताना लोखंडी पाना दोन टोकांवर आडवा पडला, तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते. पाना लाल होतो आणि धातूचे वितळलेले कण उडतात. त्या वाटेत बोटातील अंगठी, हातातील कडे किंवा घड्याळाचा पट्टा आला, तर तो कातडीवरच तापतो. अशी भाजलेली जखम हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अंगावरील सर्व धातू काढून ठेवावा, मग तो लग्नातील अंगठीचा का असेना.

शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात. बंद खोलीत तो साचला आणि ठिणगी पडली, तर बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत उडते. तेथे खेळती हवा, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याचा कॅन या तीन गोष्टी हव्यातच. चार्जरही विसरू नये. वाहन ४८ व्होल्टचे असले, तरी चार्जरच्या एका अंगाला घरची २३० व्होल्टची वीज असते.

कामाची क्रमवार शिस्त

उच्च दाबाच्या वाहनावर काम करताना पुढील क्रम जगभर पाळला जातो. उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या त्या वाहनासाठी वेगळे काही सांगितले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

१. वाहन कोरड्या जागी उभे करावे, भोवती दोरी बांधावी आणि ‘काम चालू आहे, हात लावू नये’ अशी पाटी लावावी. चार्जिंगची केबल काढलेली असल्याची खात्री करावी.

२. किल्ली काढून स्वतःजवळ कुलपात ठेवावी. बिनकिल्लीच्या वाहनाचा रिमोट वाहनापासून दूर ठेवावा, नाहीतर वाहन आपोआप जागे होऊ शकते.

३. १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. कॉन्टॅक्टर याच बॅटरीवर चालतात.

४. १,००० व्होल्टसाठी प्रमाणित ‘क्लास ०’ दर्जाचे रबरी हातमोजे आणि त्यांवर चामडी मोजे घालून सर्व्हिस प्लग काढावा व तो स्वतःच्या खिशात ठेवावा. दुसऱ्या कोणी तो चुकून बसवू नये, यासाठी ही काळजी.

५. पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. तो बहुधा ५ ते १० मिनिटांचा असतो. हा वेळ कंडेन्सर रिकामा होण्यासाठी आहे.

६. १,००० व्होल्टच्या योग्य श्रेणीच्या मल्टिमीटरने दाब मोजावा. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासावा, मग कामाच्या जागी मोजावे आणि पुन्हा चालू बॅटरीवर तपासावा. मीटरच बिघडला असेल, तर त्याचे शून्य खोटे असते.

७. दाब नाही, हे सिद्ध झाल्यावरच काम सुरू करावे. उघडी टोके वीजरोधक टेपने झाकावीत आणि वीजरोधक मुठीची, १,००० व्होल्टची खूण असलेली हत्यारे वापरावीत. साध्या पान्याला टेप गुंडाळून हे काम भागत नाही.

हातमोजे प्रत्येक वेळी तपासावेत. मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडावी आणि ती कोठून निसटते का, ते कानाजवळ धरून पाहावे. सुईएवढे छिद्र असले तरी मोजा निकामी समजावा. दर सहा महिन्यांनी त्यांची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी. उच्च दाबाचे काम कधीही एकट्याने करू नये. शेजारी प्रशिक्षित सोबती असावा.

बॅटरीची पेटी उघडणे हे वेगळ्या पातळीचे काम आहे. तेथे सर्व्हिस प्लग काढूनही घटांतील वीज जात नाही. ते काम उत्पादकाच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे. आणखी तीन गोष्टी लक्षात असाव्यात. बंद पडलेले वाहन दोर बांधून ओढू नये, कारण चाके फिरली की मोटार स्वतःच वीज निर्माण करू लागते. सांगाड्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. धुताना प्रेशर पंपाचा फवारा बॅटरी, कंट्रोलर व जोडांवर मारू नये.

चार्जिंग आणि आग

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक ई-स्कूटर पेटली. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये कंटेनरमधून निघालेल्या वीस स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

लिथियम घट एका मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःच उष्णता निर्माण करतो आणि शेजारच्या घटालाही पेटवतो. म्हणून आदळलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली किंवा गोडसर उग्र वास येणारी बॅटरी चार्ज करू नये. ती घरापासून दूर, उघड्यावर ठेवावी. बॅटरी जिन्यात, दाराच्या वाटेत किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नये. आग लागलीच, तर बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. मूळ चार्जरच वापरावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी चार्जिंगच्या ठिकाणी ३० मिलिअँपिअरचे गळतीसंरक्षण आवश्यक मानले असून एक्स्टेन्शन बोर्ड जोडण्यास मनाई केली आहे. घरीही हाच दंडक ठेवावा. आपल्याकडे कित्येक घरांत प्लगमधील वरच्या जाड पिनेला मागे वायरच नसते. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घेण्याचा खर्च जिवापुढे नगण्य आहे.

अपघात घडल्यास

धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये. शक्य असेल तेथे वीज तोडावी, नाहीतर कोरड्या लाकडी दांड्याने त्याला दूर करावे. श्वास व नाडी थांबली असेल, तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस उठून बसला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदयाच्या लयीतील बिघाड नंतरही उद्भवू शकतो. आपल्या परिसराला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळचे आहे. बॅटरी पेटल्यास तिचा धूर विषारी असतो. माणसांना वाऱ्याच्या उलट दिशेला दूर न्यावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. अशी आग विझल्यासारखी दिसली, तरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

जबाबदारी कोणाची?

हा सारा क्रम कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये गिऱ्हाईक घाईत असते, हातमोजे महाग वाटतात आणि अवघड जागी हात घालण्याचे काम हाताखालच्या पोराला सांगितले जाते. तेच पोर सर्वांत कमी शिकलेले, सर्वांत कमी पगाराचे आणि ‘नाही’ म्हणण्याची हिंमत नसलेले असते. म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न आहे. साधने पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. जे माजी विद्यार्थी आज स्वतः गॅरेजचे मालक आहेत, त्यांनी पहिली खरेदी हातमोजे, मीटर आणि वीजरोधक हत्यारे यांची करावी आणि अठरा वर्षांखालील मुलाला या कामाला लावू नये. पालकांनीही मुलाला केवळ ‘कामाला लागला’ एवढ्यावर समाधान मानू नये. आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याची चौकशी अवश्य करावी.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध औद्योगिकीकरणाशी व त्यातून दारिद्र्याच्या निर्मूलनाशी जोडला होता. वीज आणि मजूर हे दोन विषय तेव्हा एकाच मंत्र्याच्या मेजावर होते, याचे स्मरण आज विशेष अर्थपूर्ण वाटते. त्या विजेने आपल्या मुलांना नवा व्यवसाय दिला आहे. तो करताना त्यांचा जीव सुरक्षित राहावा, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे. वीज डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. ती आहे की नाही, हे केवळ मीटर सांगतो. तेव्हा अंदाजावर विसंबून हात घालू नये. आधी मोजावे, मगच स्पर्श करावा. एवढी एक सवय आपल्या प्रत्येक तरुण कारागिराच्या अंगी बाणली, तरी या लेखाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.