मांडणी कारखान्याची (लेखांक ५) : रूट कार्डावरून पडणाऱ्या वाटण्या

लेथवर शाफ्ट दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो, पण शेजारच्या शेडमधल्या ग्राइंडरपर्यंत पोचायला त्याला आठवडाही लागतो. बॅचने काम करणाऱ्या कारखान्यांत हे रोजचंच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी मिलॅक्रॉन या मशीन टूल कंपनीतून सत्तरच्या दशकात पुढे आलेला एक अंदाज आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो. जॉब कारखान्यात १०० तास असेल, तर त्यातले ९५ तास इकडून तिकडे जाण्यात आणि ताटकळण्यात जातात. मशीनवर तो ५ तास असतो आणि प्रत्यक्ष धातू कापला जातो जेमतेम दीड तास.

याचं मूळ गेल्या लेखांकात पाहिलेल्या मांडणीत आहे. सगळी लेथ एका बाजूला, मिलिंग दुसरीकडे, ग्राइंडिंग तिसरीकडे. फोरमनला देखरेख सोपी जाते, पण प्रत्येक विभागाच्या दारात जॉबची नवी रांग लागते. त्यावरचा उपाय म्हणजे साधारण एकाच वाटेने जाणारे पार्ट एकत्र करायचे आणि त्यांना लागणाऱ्या मशिनांना एकत्र कुटुंबातून काढून वेगळी चूल मांडून द्यायची. या चुलीचं कारखान्यातलं नाव ‘सेल’.

पण कोणता पार्ट कोणत्या सेलमध्ये घालायचा?

लेनिनग्राडच्या मित्रोफानोव्ह यांचं पार्टच्या गटवारीवरचं पुस्तक १९५९ साली आलं. जर्मनीत आखेनला ओपिट्झ यांनी पार्टच्या आकारावरून नऊ आकडी कोड देण्याची पद्धत बसवली. पद्धत शिस्तशीर खरी, पण हजारो ड्रॉइंगना कोड देत बसणं हे वेळखाऊ काम. शिवाय दिसणं फसवं असतं. पितळी बुश आणि कडक केलेला पोलादी बुश ड्रॉइंगवर जुळे भाऊ वाटतात, पण दुसऱ्याला हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंगची फेरी चुकत नाही.

इंग्लंडच्या जॉन बर्बिज यांनी १९६३ मध्ये वेगळी वाट दाखवली. ड्रॉइंग राहू द्या, रूट कार्डं काढा. कोणता पार्ट कोणकोणत्या मशिनांवर जातो, हे त्यावर आधीच लिहिलेलं असतं. त्याचा तक्ता करायचा : आडव्या ओळी मशिनांच्या, उभे रकाने पार्टचे, काम असेल तिथे १, नसेल तिथे ०.

एक छोटा तक्ता मांडून पाहू. रकाने क्रमाने : पिन, ब्रॅकेट, आडवं भोक असलेला शाफ्ट, कव्हर आणि बुश.

लेथ : १ ० १ ० १
मिलिंग : ० १ ० १ ०
ग्राइंडर : १ ० १ ० ०
ड्रिल : ० १ १ १ ०

यातून गट दिसत नाहीत. १९८० मध्ये जे. आर. किंग यांनी ते दिसण्याची युक्ती दिली. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचायची. रकान्यांची किंमत डावीकडून १६, ८, ४, २, १ धरली, तर लेथ होतं २१, ग्राइंडर २०, ड्रिल १४ आणि मिलिंग १०. मोठ्याकडून छोट्याकडे ओळी लावायच्या. मग रकानेही वरून खाली तसेच वाचून लावायचे आणि क्रम बदलेनासा होईपर्यंत हे करत राहायचं. आपल्या तक्त्यात एका फेरीतच रकाने शाफ्ट, पिन, बुश, ब्रॅकेट, कव्हर असे लागतात :

लेथ : १ १ १ ० ०
ग्राइंडर : १ १ ० ० ०
ड्रिल : १ ० ० १ १
मिलिंग : ० ० ० १ १

वर डावीकडे गोल जॉबचा सेल, खाली उजवीकडे चपट्या जॉबचा. फक्त ड्रिलच्या ओळीतला पहिला १ हद्दीबाहेर पडला आहे. हे त्या शाफ्टचं आडवं भोक.

वाटणी कितपत जमली, हेही मोजता येतं. सुरेश कुमार आणि चंद्रशेखरन यांनी १९९० मध्ये दिलेलं माप असं : हद्दीतले १ मोजायचे आणि त्यांना एकूण १ अधिक हद्दीतले रिकामे ० या बेरजेने भागायचं. आपल्याकडे एकूण १० पैकी ९ हद्दीत आहेत आणि ग्राइंडरवर न जाणाऱ्या बुशमुळे एक ० आत आला आहे. म्हणजे ९ भागिले ११, सुमारे ८२ टक्के. याच चंद्रशेखरन यांनी राजगोपालन यांच्यासोबत १९८७ मध्ये ४० मशीन आणि १०० पार्टचा तक्ता सोडवला होता. नवी पद्धत काढणारे संशोधक आजही तिची परीक्षा त्या तक्त्यावर घेतात.

उरलेल्या एका १ चं काय करायचं, हे मात्र हा तक्ता सांगत नाही. ड्रिल स्वस्त आहे, तेव्हा पहिल्या सेलला आणखी एक घेऊन देता येतं. भोकाचं काम बाहेरून करून घेता येतं. डिझाइनवाल्यांना ‘हे भोक लागतंच का?’ असंही विचारता येतं. हीट ट्रीटमेंटची भट्टी किंवा प्लेटिंगच्या टाक्या असत्या, तर यातला पहिला मार्ग बंदच. त्या सहसा सामायिकच ठेवाव्या लागतात आणि तिथे रांगही राहते.

सेलचा तोटाही मोठा आहे. लेथ विभागात एक मशीन बंद पडलं तर काम शेजारच्यावर जातं. सेलमध्ये एकच लेथ असेल तर सगळा सेल खोळंबतो. आणि वर्षानुवर्षं फक्त लेथ चालवलेल्या माणसाने आता ग्राइंडरही सांभाळायचा असतो. टोयोटात ताइइची ओनो यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस एका कामगाराकडे अनेक मशिनं द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या कारागिरांचा विरोध त्यांना सोसावा लागला होता.

(पुढील लेखांकात : सेलच्या आत मशिनं यू आकारात का लावतात?)